भीष्माष्टमीचं तर्पण घरी पहिल्यांदा करताय? मग हे वाचून घ्या

रथसप्तमीला अंगणात नाहीतर गॅलरीत गोवरीवर दूध उतू घालून होतं, संक्रांतीपासून चाललेली हळदीकुंकवं संपतात, आणि दुसऱ्याच दिवशी कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरात भीष्माष्टमी असं छापलेलं असतं. बहुतेक घरांत तिकडे कोणाचं लक्षही जात नाही, कारण सुट्टी नाही, गोडधोड नाही, देवळात गर्दी नाही. पण हा दिवस काय आहे हे ज्यांना एकदा समजलं ते सहसा तो चुकवत नाहीत. नव्याने करू बघणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात, भटजी बोलवावे लागतात का, वडील आहेत मग मी तर्पण कसं करणार, ऑफिसच्या दिवशी जमतं का, परदेशात काय करायचं. सगळं एका जागी लिहून ठेवतोय. तर्पण म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने ओंजळीतून तिळाचं पाणी सोडणं. विधी अगदी छोटा आहे, सामान हाताशी असलं तर वीस पंचवीस मिनिटात होतो, आणि घाबरण्यासारखं त्यात काहीच नाही.

आधी हे कोणासाठी करतोय ते

माघ शुद्ध अष्टमी म्हणजे भीष्मांनी देह ठेवला ती तिथी. गोष्ट आपल्याला माहिती असते पण तुकड्यातुकड्यात, म्हणून तर्पणाशी जोडलेला भाग तेवढा सांगतो.

शंतनू आणि गंगेचा मुलगा देवव्रत. वसू नावाच्या, शाप मिळालेल्या आठ देवांपैकी हा आठवा, सात जणांना गंगेने जन्मताच पाण्यात सोडून मोकळं केलं आणि हा मागे राहिला. पुढे शंतनूला सत्यवतीशी लग्न करायचं होतं, तिच्या बापाची अट होती की हिच्याच मुलाला राज्य मिळालं पाहिजे, तेव्हा देवव्रताने राज्यावरचा हक्क सोडला, आणि उद्या तुझी मुलं भांडतील ही शंका निघाली तेव्हा लग्न करणार नाही अशीही प्रतिज्ञा केली. तिथून तो भीष्म झाला. वडिलांनी इच्छामरणाचा वर दिला तोही याच प्रसंगी.

युद्धात दहाव्या दिवशी भीष्म पडले. शिखंडी समोर आला म्हणून त्यांनी शस्त्र खाली ठेवलं आणि अर्जुनाच्या बाणांनी शरीर इतकं भरलं की ते जमिनीला टेकलंच नाही. दक्षिणायन चालू होतं, म्हणून उत्तरायण लागेपर्यंत प्राण सोडायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं. त्यानंतर युद्ध आणखी आठ दिवस चाललं, संपलं, युधिष्ठिराला राज्याभिषेक झाला, मग कृष्ण पांडवांना त्यांच्याकडे घेऊन गेला आणि शांतिपर्व आणि अनुशासनपर्वातला तो सगळा उपदेश झाला, राजाने कसं वागावं, दान कसं करावं, आपत्काळात काय करावं, विष्णुसहस्रनामसुद्धा तिथलंच. अनुशासनपर्वाच्या शेवटी ते युधिष्ठिराला म्हणतात की या टोकदार बाणांवर पडून मला अठ्ठावन्न रात्री झाल्या आणि त्या शंभर वर्षांसारख्या गेल्या, आता माघ महिना आलाय, शुक्ल पक्ष चालू आहे. आणि मग ते गेले.

यापुढचा प्रसंग फारसा कोणी सांगत नाही, आणि आपल्या कामाचा तोच आहे. पांडवांनी चिता रचली, अग्नी दिला, आणि सगळे मिळून गंगेवर गेले आणि भीष्मांना पाणी दिलं. तेव्हा गंगा स्वतः पाण्यातून वर आली आणि मुलासाठी रडली, आणि कृष्णाने तिची समजूत काढली असं महाभारतात आहे. ज्याला मूलबाळ नाही त्याला भावाच्या नातवंडांनी, युद्धात त्याच्या विरुद्ध बाजूला उभं राहून लढलेल्या पोरांनी पाणी दिलं. आपण भीष्माष्टमीला करतो ते हेच.

आपल्याकडे पाणी देणार कोण तर मुलगा, नातू, म्हणजे पुढची पिढी. वडिलांसाठी ज्याने पुढची पिढीच होऊ दिली नाही त्याला कोण देणार? शास्त्रकारांचं उत्तर असं की सगळ्यांनी द्यायचं. गोत्र वेगळं असलं तरी, जात वेगळी असली तरी. मला स्वतःला या दिवसातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं. आपण हजारो जण एका माणसाच्या मुलाच्या जागी उभे राहतो. वर्षभरातल्या बाकीच्या पितृकार्यांत आपण आपल्या माणसांसाठी करतो, इथे असा माणूस आहे ज्याचा आपल्याशी रक्ताचा काही संबंध नाही.

द्रौपदीच्या वेळी गप्प बसले त्याचं काय?

हा प्रश्न येतोच, विशेषतः घरातल्या मुली विचारतात आणि बरोबर विचारतात. भरसभेत द्रौपदीने धर्म विचारला तेव्हा भीष्म म्हणाले धर्माची गती सूक्ष्म आहे, मला नीट उत्तर देता येत नाही. त्याचं समर्थन होत नाही आणि करायलाही जाऊ नये असं माझं मत आहे, मुलांसमोर तर अजिबात नाही. महाभारतानेही ते झाकून ठेवलेलं नाही. पण तर्पण म्हणजे त्या माणसाने आयुष्यात केलं ते सगळं बरोबर होतं असं सर्टिफिकेट नव्हे. आपल्या स्वतःच्या आजोबा पणजोबांनी काय काय केलं असेल ते आपल्याला कुठे माहिती असतं, तरी पितृपक्षात पाणी देतोच ना. भीष्मांच्या बाबतीत सगळं माहिती असून देतो, त्याग पण माहिती, ती चूक पण माहिती, आणि शेवटी बाणांवर पडल्या पडल्या जे काही शिकलो ते पुढच्यांना देऊन जातो म्हणणारा म्हातारा पण माहिती. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला हेच सांगा आणि तिलाही पाणी द्यायला बसवा, बायकांबद्दल पुढे लिहिलंय.

कोणी करायचं, वडील हयात असले तर

आपल्याकडे धर्मशास्त्राचे दोन ग्रंथ भटजींच्या घरी हमखास असतात, एक निर्णयसिंधू, काशीत राहणाऱ्या पण मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ साली लिहिलेला, आणि दुसरा धर्मसिंधू, पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा, १७९० चा. माघ शुद्ध अष्टमीला भीष्मांना तिळासकट पाणी द्यावं असं सांगणारी वचनं या परंपरेत आहेत. त्यातलं एक वचन असं की ब्राह्मण वगैरे कुठल्याही वर्णाच्या माणसाने या दिवशी भीष्मांना पाणी दिलं नाही तर त्याचं वर्षभराचं पुण्य जातं, म्हणजे हे ठराविक लोकांचं काम आहे असा समज असेल तर तो काढून टाका.

आणि वडिलांबद्दल तर सरळ ओळ आहे, जीवत्पितापि कुर्वीत तर्पणं यमभीष्मयोः. ज्याचे वडील जिवंत आहेत त्यानेसुद्धा यम आणि भीष्म या दोघांचं तर्पण करावं. यमाचं नरकचतुर्दशीला, भीष्मांचं आज. एरवी वडील असताना मुलगा पितरांचं तर्पण करत नाही, घरातली मोठी माणसं "तू नको हात लावूस" म्हणून तिळाच्या वाटीपासून पण लांब ठेवतात, म्हणून ही परवानगी महत्त्वाची आहे. माझं म्हणणं असं की तरुण मुलांनी तर्पण शिकावं ते भीष्माष्टमीलाच, वडील शेजारी बसलेले असताना, त्यांच्याकडून विचारून विचारून. नाहीतर मग घरात प्रसंग घडतो आणि त्या मनःस्थितीत आयुष्यात पहिल्यांदा पळी हातात धरायची वेळ येते, तेव्हा धड काही ऐकूही येत नाही. फक्त वडील असणाऱ्यांसाठी जानव्याच्या बाबतीत थोडा फरक आहे तो खाली येईल.

तर्पण आणि श्राद्ध यात गल्लत करू नका. या दिवशी भीष्मांच्या नावाने श्राद्ध करावं, संतती होते असंही वचन आहे, पण ते ज्यांना करायचंय त्यांनी भटजींना विचारून करायचं. पिंड, ब्राह्मणभोजन, वडे, खीर हे काही नवशिक्याने अंगावर घ्यायची गरज नाही, आपल्यासाठी तर्पण हेच मुख्य.

दिवस आणि वेळ कशी ठरवायची

तिथी असल्याने तारीख बदलते, २०२५ ला ५ फेब्रुवारी, २०२६ ला २६ जानेवारी. कालनिर्णय किंवा दाते पंचांग जे घरात असेल त्यात माघ शुद्ध अष्टमीचा चौकोन बघा. कार्तिकातल्या एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत भीष्मपंचक असतं ते वेगळं व्रत आहे, आणि माघ शुद्ध द्वादशीला भीष्मद्वादशी असते तीही वेगळी, इंटरनेटवर शोधताना तिन्हींची भेळ होते म्हणून सांगितलं.

वेळ मध्यान्हाची. घड्याळात बरोबर बारा असा त्याचा अर्थ नाही, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे पाच सारखे भाग करायचे आणि त्यातला तिसरा घ्यायचा. पुण्यात या सुमाराला सूर्य सात दहाच्या आसपास उगवतो आणि साडेसहाच्या आसपास मावळतो, म्हणजे दिवस अकरा तास वीस मिनिटांचा, एक भाग दोन तास सोळा मिनिटांचा, तर मध्यान्ह साधारण पावणेबारा ते दोन. अष्टमी दोन दिवसांवर पसरली असेल तर ज्या दिवशी मध्यान्हाला अष्टमी आहे तो दिवस, पंचांगवाले हे बघूनच छापतात त्यामुळे फार डोकं लावू नका.

ऑफिस असेल तर? मध्यान्हाची वेळ गाठता आली तर उत्तम, लंच ब्रेकला घरी येणं किंवा वर्क फ्रॉम होम घेणं जमत असेल तर घ्या. नसेलच जमत तर सकाळी अंघोळ झाल्यावर अष्टमी लागली आहे ना एवढं बघून करा. वेळ चुकते म्हणून कामच सोडून देण्यापेक्षा हे केव्हाही बरं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मात्र नको, सूर्य मावळल्यावर तर्पण करत नाहीत.

सामान

ताम्हण, पळी, पंचपात्र, तांब्याभर पाणी, काळे तीळ, दर्भ, पांढरं गंध, थोडी फुलं, अक्षता, बसायला पाट किंवा आसन. झालं. संध्येची भांडी घरात नसतील तर स्टीलची परात, वाटी आणि चमचा पण चालतो, फक्त त्यात स्वयंपाकाचं काही लागलेलं नसावं.

तीळ काळेच घ्या. संक्रांतीच्या लाडवातले उरलेले पांढरे पॉलिशचे तीळ डब्यात असतात आणि पटकन तेच काढले जातात. काळे तीळ किराणा दुकानात मिळतात, छोटी पुडी पुरते.

दर्भाचं मात्र आधीच बघून ठेवा. पितृपक्षात पूजेच्या दुकानात दर्भाच्या जुड्या ढिगाने असतात आणि माघात दुकानदार मान हलवतो. श्रावण अमावस्येला, म्हणजे पिठोरीला, काढलेला दर्भ वर्षभर चालतो, तेव्हा एक जुडी कागदात गुंडाळून देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायची सवय लावा, माघापर्यंत सुकून कडक होतो पण वापरायला काही अडचण नाही. दर्भाचं पवित्रक, म्हणजे अंगठीसारखी गाठ, उजव्या हाताच्या अनामिकेत घालतात. करता येत नसेल तर भटजींकडून एकदा बघून घ्या, व्हिडिओ बघून शिकायला अवघड जातं कारण गाठ कुठल्या बाजूने फिरवली तेच दिसत नाही.

आता प्रत्यक्ष

अंघोळ करून धुतलेले कपडे घाला, धोतर नेसता येत असेल तर छान, नाहीतर पंचा किंवा साधा स्वच्छ लेंगा आणि अंगावर उपरणं. नदी जवळ असेल तर नदीवर करा, नाशिकचं रामकुंड, वाईचा घाट, नरसोबाची वाडी, पंढरपुरात चंद्रभागा, मुंबईत वाळकेश्वरला बाणगंगा. कुरुक्षेत्राला जायचा योग आला तर नरकातारीला भीष्मकुंड आहे, अर्जुनाने जमिनीत बाण मारून तहानलेल्या भीष्मांना पाणी पाजलं ती जागा म्हणून दाखवतात. पण हे सगळं जमलं तर, घरच्या घरी ताम्हणात केलेलं तर्पण काही कमी नाही.

पूर्वेला तोंड करून बसा. आधी आचमन, पळीने उजव्या तळहातावर थोडंसं पाणी घेऊन केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः असं म्हणत तीनदा प्यायचं आणि गोविंदाय नमः म्हणून चौथ्यांदा ताम्हणात सोडायचं. पुढची नावं येत असतील तर म्हणा, नसतील येत तर हात जोडा. मग कुलदेवता, आईवडील यांना मनात नमस्कार. जे रोज ब्रह्मयज्ञ करतात त्यांनी तो आधी उरकून घ्यायचा, बाकीच्यांनी पुढे चलावं.

मग संकल्प. संकल्पात आपण कुठे बसलोय आणि आज काय तिथी आहे ते सांगायचं असतं. उदाहरणार्थ २०२६ सालच्या भीष्माष्टमीचा असा होतो, श्रीशालिवाहन शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे उत्तरायणे शिशिरऋतौ माघे मासे शुक्ले पक्षे अष्टम्यां तिथौ, मग आपलं गोत्र आणि नाव, आणि शेवटी मम श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थं भीष्मतर्पणं करिष्ये. करिष्ये म्हणताना उजव्या हातावरून पळीभर पाणी ताम्हणात सोडा. शक आणि संवत्सर दर गुढीपाडव्याला बदलतो, तेवढं पंचांगाच्या पहिल्या पानावर बघून बदलून घ्यायचं. पुण्याकडचे लोक गोदावर्याः दक्षिणे तीरे म्हणतात आणि नागपूरकडचे उत्तरे तीरे, ही बारीक गोष्ट पण मला फार आवडते, आपण नकाशावर नेमके कुठे आहोत हे सांगून मग कामाला सुरुवात करायची.

आता मुख्य भाग. दक्षिणेला तोंड करा. जानवं असेल तर अपसव्य करायचं, म्हणजे डाव्या खांद्यावरचं उजव्या खांद्यावर घ्यायचं. वडील हयात असतील तर जानवं पूर्ण उजव्या खांद्यावर नेत नाहीत, काही घरांत फक्त हातापर्यंत उतरवतात आणि काही घरांत सव्यच, म्हणजे डाव्या खांद्यावरच, ठेवून करतात, तिळाच्या बाबतीतही घराघरात फरक आहे, तेव्हा वडिलांनाच विचारा, ते समोरच आहेत. जानवं नसेल तर उपरणं त्या खांद्यावरून या खांद्यावर घ्या.

ओंजळीत पाणी घ्या, त्यात चिमूटभर काळे तीळ. सोडताना पाणी बोटांच्या टोकावरून नाही सोडायचं, ते देवांसाठी. पितरांसाठी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या जागेतून पाणी खाली जायला पाहिजे, हात किंचित उजवीकडे कलवला की आपोआप तिथून धार पडते. पहिल्यांदा करणारे इथेच गडबडतात, म्हणून आदल्या दिवशी बेसिनपाशी साध्या पाण्याने एकदा करून बघा, प्रॅक्टिसला काही दोष नाही.

मंत्र हा,

वैयाघ्रपद्यगोत्राय सांकृत्यप्रवराय च ।
अपुत्राय ददाम्येतज्जलं भीष्माय वर्मणे ॥

आणि दुसरा,

भीष्मः शान्तनवो वीरः सत्यवादी जितेन्द्रियः ।
आभिरद्भिरवाप्नोतु पुत्रपौत्रोचितां क्रियाम् ॥

पहिल्यात त्यांचं गोत्र वैयाघ्रपद्य, प्रवर सांकृत्य, आणि अपुत्र असलेल्या भीष्मांना हे पाणी देतो एवढंच आहे. गोत्र त्यांचं म्हणायचं, आपलं नाही, आपलं संकल्पात झालं. दुसऱ्यात म्हटलंय की शंतनूपुत्र, खरं बोलणाऱ्या, इंद्रियं जिंकलेल्या या वीराला मुलानातवांनी करायचं ते या पाण्याने मिळू दे. हा दुसरा श्लोक सावकाश म्हणा. मी तर म्हणेन की मुलांना अर्थ सांगूनच म्हणायला लावा, घाईघाईत पुटपुटून संपवण्यासारखा नाहीये तो. पोथ्यांमध्ये एखाद्या शब्दाचा फरक दिसेल, तुमच्या घरच्या पोथीत जसं असेल तसं म्हणा. तीन वेळा ओंजळ द्यायची, प्रत्येक वेळी मंत्र.

संस्कृत जमतच नसेल तर? अडून बसू नका. गंगापुत्र भीष्मांना हे पाणी देतो, त्यांना पोचू दे, असं मराठीत म्हणून ओंजळ सोडा. पुढच्या वर्षीपर्यंत दोन श्लोक पाठ होतात.

मग जानवं परत डाव्या खांद्यावर, म्हणजे सव्य. एकदा आचमन करा आणि पूर्वेकडे तोंड करा. आता अर्घ्य. पळीत किंवा ओंजळीत पाणी, गंध, फूल, अक्षता घेऊन,

वसूनामवताराय शन्तनोरात्मजाय च ।
अर्घ्यं ददामि भीष्माय आबालब्रह्मचारिणे ॥

असं म्हणून बोटांच्या टोकावरून ताम्हणात सोडा. तर्पण पितर म्हणून झालं आणि अर्घ्य वसूचा अवतार म्हणून, त्यामुळे दोन्हीची दिशा आणि हाताची पद्धत वेगळी. शेवटी हात जोडून अनेन भीष्मतर्पणेन भगवान् जनार्दनः प्रीयताम्, ओम् तत्सत् म्हणा, पळीभर पाणी सोडा, पवित्रकाची गाठ सोडून बाजूला ठेवा, दोनदा आचमन, झालं.

ताम्हणातलं तिळाचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. झाडाच्या मुळाशी, जिथे कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी घाला. तुळशीत बरीच घरं हे पाणी घालत नाहीत, बाल्कनीत दुसरी कुंडी असली तर त्यात चालेल. दर्भ निर्माल्यात.

नंतर काय वाचायचं

उपास सक्तीचा नाही. काही जण दुपारपर्यंत काही खात नाहीत आणि तर्पण झाल्यावर साधं जेवतात, ते मला सोयीचं वाटतं कारण मध्यान्हाची वेळ त्यात आपोआप सांभाळली जाते.

वाचायचं म्हणाल तर विष्णुसहस्रनाम, ते भीष्मांनीच युधिष्ठिराला सांगितलेलं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला पाऊण तास लागेल, सवयीच्या माणसाला अर्धा. तुमच्या आजीच्या देवघरात पंचरत्नी गीतेची छोटी जाड पोथी असेल तर ती काढा, तिच्यात गीता, विष्णुसहस्रनाम, भीष्मस्तवराज, अनुस्मृती आणि गजेंद्रमोक्ष असं पाचही असतं. भीष्मस्तवराज म्हणजे शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी केलेली कृष्णाची स्तुती. भागवताच्या पहिल्या स्कंधातल्या नवव्या अध्यायात पण भीष्मांची स्तुती आहे, फक्त अकरा श्लोक, आणि त्यात ते कृष्णाचं कुठलं रूप आठवतात तर घोड्यांच्या टापांची धूळ केसांवर बसलेलं, चेहऱ्यावर घाम आलेलं, आणि रथाचं चाक हातात घेऊन आपल्याला मारायला धावत येणारं. वेळ कमी असेल तर तेवढंच वाचा, मराठी अर्थासकट.

अडचणीचे प्रश्न

परदेशात असाल तर भारतातली तारीख तशीच उचलू नका. तिथी एका क्षणी सुरू होऊन एका क्षणी संपते, तो क्षण तुमच्या घड्याळात किती वाजता येतो आणि तुमच्या मध्यान्हाला अष्टमी आहे का ते बघायचं. अमेरिकेत बऱ्याचदा भारतापेक्षा एक दिवस आधी करावं लागतं. गावाचं नाव टाकलं की स्थानिक पंचांग दाखवणाऱ्या साइट आणि अॅप आहेत. दर्भ तिकडे मिळत नसेल तर भारतातून कोणी येणार असेल त्यांना आधी विचारून ठेवा, पण काही देशांत वाळलेलं गवत आणू देत नाहीत, नियम बघा, नाहीतर दर्भाशिवाय करा. संकल्पात भरतखंडे वगैरे न म्हणता देशाचं, गावाचं नाव घ्या.

बायकांनी करायचं का? घराघरात वेगळं आहे. काही घरांत फक्त पुरुष करतात, काही घरांत सगळे एक एक ओंजळ देतात. मला वाटतं द्यावं. जानव्याचा भाग सोडला तर बाकी कुठे काही अडत नाही, आणि मूल नसलेल्या माणसासाठी सगळ्यांनी उभं राहायचं असा दिवस असताना घरातल्या अर्ध्या माणसांना बाजूला बसवणं मला पटत नाही. तुमच्या घरात मोठ्यांचा विरोध असेल तर भांडण करून करू नका, सहस्रनाम तरी सगळ्यांनी मिळून म्हणा.

सुतक किंवा सोयर चालू असेल तर त्या वर्षी सोडून द्या.

त्याच बैठकीत आपल्या घरातल्या मूलबाळ नसलेल्या काका, आत्या, मावशी यांनाही पाणी द्यावं का असं बरेच जण विचारतात. भावना समजते, पण ते यात मिसळू नका, त्यांच्यासाठी पितृपक्षातला महालय आहे आणि तिथे काका, आत्या, मावशी, सासरे, गुरू, मित्र अशी सगळ्यांची नावं घेता येतात, ती यादी आजच वहीत लिहून ठेवलीत तर भाद्रपदात शोधाशोध होत नाही.

आणि अष्टमी हुकलीच तर चार दिवसांनी येणारी भीष्मद्वादशी आहे, काही घरांत भीष्मांना पाणी त्याच दिवशी देतात. सामान, मंत्र, पद्धत सगळं वरचंच, संकल्पात फक्त अष्टम्यां च्या जागी द्वादश्यां म्हणायचं.